उजव्या हाताचं कासव

२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तू बरं आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पत्र तुला मधेच ठेवता येणार नाही. अर्धवट शिवलेलं कापड टेबलावर टाकून तू कधी जेवायलासुद्धा उठला नाहीस.

खरं काय ते सूनबाईकडून कळलं. मनगटाचं हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण बोटं आखडून बसली आहेत. डॉक्टरीणबाईंनी रोज माती मळायला सांगितली, तर तू त्यांना ऐकवलंस म्हणे की मी शिंपी आहे, बालवाडीतला नाही. धन्य आहे तुझी. सख्खी बहीण इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर नवख्या लोकांना मातीचे प्राणी करायला शिकवते आणि तुला मातीची लाज वाटते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

चिरंजीवांचा बेतही कळला. महिनाअखेरपर्यंत तू कात्री धरली नाहीस तर दुकान शेजारच्या औषधवाल्याला द्यायचं. पोराचं चुकत नाही, बंद दुकानाकडे तो किती दिवस बघत बसेल. पण माझ्या कोटाचं कापड कपाटात घडी करून ठेवलंय आणि त्याला तुझ्याशिवाय कुणाची कात्री मी लागू देणार नाही. तेव्हा हात येणार. हे मी ठरवलेलं आहे.

पार्सलात मातीचा गोळा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, नाहीतर दगड होईल. त्यातला मुठीएवढा घे आणि कणकेसारखा मळ. तळहाताने दाब, दुमड, परत दाब. भेग दिसली तर ओलं बोट फिरव, पण पाणी जपून. नवखी माणसं भसाभसा पाणी घालतात आणि चिखल झाला की मातीला नावं ठेवतात. पहिला प्राणी कासव. त्याला लांब मान नाही की बारीक पाय नाहीत, त्यामुळे मोडायला काही नाही. पाय त्याच गोळ्यातून चिमटीने ओढून काढायचे, वेगळे करून चिकटवायचे नाहीत. आणि सगळं उजव्या हाताने, डाव्याने फक्त धरायचं.

लोभ आहेच, तो बोटांसारखा आखडू देऊ नये, ही विनंती.

तुझी
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र सूनबाई लिहिते आहे, बोलतोय मी. तिने मधे स्वतःचं काही घुसडलं तर त्याला मी जबाबदार नाही.

कासव मला जमलंच असतं, म्हणून केलं नाही. जन्मभर लोकांचे सूट शिवले, आता या वयात कासवापासून सुरुवात करू का? मी एकदम घोडा घेतला. आधी कागदावर मापं काढली. मग माती लाटून पातळ केली, त्यातून पाठ, पोट, मान आणि चार पाय असे तुकडे कापले, शिवणीसाठी सगळीकडून थोडं थोडं जास्त सोडलं आणि कडा चिमटून जोडल्या. आत दुकानातल्या चिंध्या भरल्या. रीतसर काम केलं, उगाच थापलं नाही. संध्याकाळी घोडा ऐटीत उभा होता. सकाळी बघतो तर चार पाय चार दिशांना आणि घोडा पोटावर. चूक मातीची आहे. तुझ्या मातीत दमच नाही.

हाताची काळजी करू नकोस. औषधवाला रोज दारात येऊन दुकानाची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजून जातो. मोजू दे, डोळ्यांना व्यायाम होतो.

लोभ असाच टिकाऊ दोऱ्याचा असो.

तुझा
दादा

(आत्या, हे मी लिहितेय, तुमची सून. घोड्याला बाबांनी कोटासारखी मागून चीरसुद्धा ठेवली होती. मला हसू फुटत होतं, पण ते हसले नाहीत म्हणून मीही दाबून धरलं.)


१३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

घोडा शिवायचा नसतो. हे वाक्य मला आयुष्यात लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मातीला नावं ठेवू नकोस, नाचता येईना अंगण वाकडं. दोन तुकडे नुसते चिमटून ते धरत नाहीत. माती सुकताना आक्रसते आणि जोड सुटतो. जोडायचंच असेल तर दोन्हीकडे जुन्या टूथब्रशने ओरखडे काढायचे, मधे दह्याएवढा दाट चिखल लावायचा आणि मग दाबायचं. पाय जाड ठेवायचे. तुझा घोडा पँटची इस्त्री मोडेल या भीतीने उभा असणार, म्हणून बसला.

पण एक गोष्ट तुझ्या बाजूने सांगते, नाहीतर मला झोप लागणार नाही. माझ्या वर्गातली मोठी कोंबडी दर वेळी सुकताना तडकायची, कारण आम्ही ती भरीव करायचो. तुझं पत्र वाचून मी ती लाटलेल्या मातीच्या पातळ पोळीची, आतून पोकळ केली. आत वर्तमानपत्राचा बोळा घातला. कोंबडी धडधाकट आहे. वर्गातल्या बायकांना मी सांगितलं की ही शिंप्याची रीत. तेवढं श्रेय घे, जास्त नको.

आता मांजर कर. बसलेली, शेपूट अंगाभोवती घेतलेली, म्हणजे मोडणार नाही. सुकली की कापसात गुंडाळून पाठव. मला ती हातात घेऊन बघायची आहे.

माया कमी पडू देऊ नये, पाणी मात्र कमीच घालावं.

तुझी
ठकू


२० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मांजर पाठवतो आहे. नीट उघड, चेहऱ्यावर मेहनत घेतली आहे. औषधवाला बघून गेला आणि काही न बोलता गेला, यातच सगळं आलं. चिरंजीवांनाही सांगितलं की ज्या हाताने मांजर झाली त्याच हाताने सूट होतील. तो हो म्हणाला. घरात वातावरण एकदम मोकळं झालं आहे.

माती काही अवघड नाही गं. तू उगीच वर्ग भरवतेस.

तुझ्या कोटाला अस्तर कुठल्या रंगाचं हवं ते कळव. महिनाअखेर आली, मग गर्दी होईल.

लोभ आहे तसा राहो.

तुझा
दादा

(सूनबाई म्हणते, या पत्रात ती स्वतःचं काही लिहिणार नाही. बरं झालं.)


२३ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

मांजर पोहोचली. कान शाबूत, शेपूट शाबूत, चेहरा तर हुबेहूब आपल्या धाकट्या काकूचा. बायकांनी हातोहात फिरवली. सगळ्या गेल्यावर मी ती खिडकीशी उजेडात धरली आणि खुर्ची ओढून खाली बसले.

दादा, तू शिकाऊ होतास तेव्हा मशीनची सुई तुझ्या डाव्या अंगठ्यातून आरपार गेली होती. रडत मी होते आणि गप्प तू करत होतास. त्या जागी अजून तांदळाच्या दाण्याएवढा खळगा आहे. खळग्याच्या जागी मातीत बारीक उंचवटा उठतो. तो उंचवटा या मांजरीच्या पाठीवर आहे, पोटावर आहे, दोन्ही कानांमागे आहे. अख्ख्या मांजरीवर तुझ्या उजव्या अंगठ्याचा एक ठसा नाही.

आधी राग आला. बहिणीला फसवलंस, पोराला फसवलंस, आणि वर अस्तराचा रंग विचारतोस. मग कळलं की तू घाबरला आहेस. उजवा हात मातीत घातलाच नाही, तोवर तो येईल असं म्हणता येतं. घातला आणि नाही आला तर काय, हे तुला बघायचं नाही. मलाही त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तुझा हात गेला तर माझंही फार मोठं काहीतरी जाईल. पण भीती वाटते म्हणून हात झाकून ठेवला तर तो नक्की जाईल, हे मी मातीत राहून शिकले आहे. झाकलेली माती ओली राहते, झाकलेला हात राहत नाही.

मांजर परत पाठवते आहे. देखणी आहे, पण मला नको. मला कासव हवं आहे, जे तू पहिल्या दिवशी टाळलंस. वाकडं चालेल, भेगाळलेलं चालेल, डोकं कुठलं नि ढुंगण कुठलं ते कळलं नाही तरी चालेल. डावा हात मधे येता कामा नये.

लोभाचं काय विचारतोस, तो आहे म्हणून तर एवढी बोलले.

तुझी
ठकू


२५ फेब्रुवारी

ती. आत्यांस,
सा. नमस्कार.

हे पत्र बाबांना न विचारता लिहिते आहे. तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं मी चहाडी केली. मी फक्त मागच्या पत्रात गप्प बसले होते.

आज दुपारी त्यांनी मला दुकानात बोलावलं. कापायच्या टेबलावर मातीचा गोळा होता. त्यांनी मापाची टेप माझ्या हातात दिली, डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि सांगितलं की बांध. गाठ अशा बाजूला मारायला लावली की त्यांचे दात पोहोचू नयेत. मग मला बाहेर पाठवलं.

मी काचेतून बघत होते, मला राहवेना. गोळा दोनदा खाली पडला. बांधलेल्या हाताने खुर्ची ओढत ओढत खाली वाकले आणि उचलला. एकदा डोळे पुसायला हात वर नेला, तो मातीचा होता, गालभर माती लागली. तरी थांबले नाहीत. ह्यांनी येऊन विचारलं की बाबा आत काय करतायत. मी सांगितलं, माप घेतायत.

तुम्ही बोललात ते बरं केलंत. आमच्या कुणाची हिंमत नव्हती.

माया करता तशीच करत राहावी.

तुमची
सून


२८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण माझं आहे. दोन ओळी लिहितो, थांबतो, बोटं उघडतो, परत लिहितो. सूनबाई शेजारी बसली आहे, तिला पेनला हात लावू दिलेला नाही.

कासव पाठवतो आहे. डोकं शोधू नकोस, मलाही सापडलं नाही. पाय तीन निघाले, चौथ्यापर्यंत अंगठा पोहोचला नाही. उलटंपालटं करून बघ, उजेडात धर, कुठेही तांदळाचा दाणा सापडणार नाही.

तू बरोबर होतीस. हे एकदाच लिहितो, हात दुखतो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. अंगठा मधल्या बोटाला टेकतो आहे, करंगळी अजून लांब आहे. लहान कात्री उघडते, मोठी उघडत नाही. चिरंजीवांना समोर बसवलं आणि मांजर कुठल्या हाताची ते सांगून टाकलं. तो म्हणाला, त्याला ठाऊक होतं. डावा हात मातीने भरलेला आणि उजवा कोरा, हे रोज जेवायला बसताना त्याला दिसत होतं. मी म्हटलं मग हो का म्हणालास, तर म्हणे तुम्हाला नाही कसं म्हणू. असा आमचा कारभार.

मग त्याच्यासमोर मी दुकानात अडकून पडलेल्या एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही खडूने आखली. रेघ हलली, पण पोहोचायची तिथे पोहोचली. लहान कात्रीने अस्तर कापलं. वरचं जाड कापड सूनबाईने मोठ्या कात्रीने कापलं, मी नुसतं बोट दाखवत होतो. तिचा हात धीट आहे. एवढी वर्षं घरात कारागीर होता आणि मी तिला फक्त बटणं लावायला देत होतो. चिरंजीवांनी बाही उलटसुलट करून पाहिली आणि मग स्वतःच उठून औषधवाल्याला सांगून आले की दुकान मिळणार नाही.

लोभ जरा सैल शिवावा, म्हणजे वाढायला जागा राहते.

तुझा
दादा

ता. क. कोटाचं कापड पाठव. ते मीच कापणार. मोठी कात्री अजून उघडत नाही, पण तुझं कापड रोज समोर दिसलं की तिला लाज वाटेल. माप नवीन घे आणि खरं कळव.