उजव्या डोळ्याची कडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बावीस, शिक्षण पदवीचे दुसरे वर्ष (पुढे नाही), काम वन्यजीव दाखवणाऱ्या प्रवासी जहाजावर टेहळणी, आज सकाळी जहाजाच्या डॉक्टरांच्या खोलीत बसून माझे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. याबाबत माझ्या वडिलांचे मत वेगळे आहे, पण त्यांना विचारलेले नाही. जबरदस्ती कोणाचीच नाही. जहाजाचा नियम आहे की बर्फाच्या पाण्यात रबरी होडी घेऊन उतरणाऱ्याने आपल्या मागे कोणाला काय द्यायचे ते लिहून ठेवावे. छापील कागदावर त्यासाठी दोन ओळी आहेत. बाकीच्यांना त्या पुरल्या.

१. घर, जमीन, दागिने नाहीत. बँकेत असेल ते आईला. तिने ते बाबांना न विचारता खर्चावे.

२. जाड निळा स्वेटर माझ्या खोलीतल्या लाँड्रीवाल्या काकांना. दहा महिने त्यांनी खालच्या खाटेवर पडून माझी बडबड ऐकली. "एकदाचं तिला सांग, नाहीतर मला झोपू दे," असे ते म्हणत. माझ्याकडून दोन्ही झाले नाही.

३. कॉलेजच्या वह्या रद्दीत घालाव्यात. प्रयोगशाळेच्या सरांची माफी मागावी की नाही हे अजून ठरत नाही. त्यांनी तिला (कलम दोनमधली तीच, माझी वर्गमैत्रीण) अख्ख्या वर्गासमोर फैलावर घेतले म्हणून मी त्यांचे हजेरीपुस्तक खिडकीबाहेर भिरकावले आणि तडक घरी आलो, तो पुन्हा गेलो नाही. सरांनी दुसऱ्याच दिवशी तिला बोलावून "माझं चुकलं" म्हटले होते, हे मला दोन वर्षांनी कळले. तोवर ती पदवी घेऊन या जहाजावर वन्यजीव मार्गदर्शक झाली होती आणि मी तिच्या मागोमाग टेहळ्या. जहाजावर मला सगळे याच नावाने हाक मारतात.

४. दुर्बीण. हीच काय ती इस्टेट, म्हणून सविस्तर लिहितो.

बाबांचे चष्म्याचे दुकान आहे. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. निघालो त्या दिवशी आई दारापर्यंत आली, ते काउंटरमागून उठले नाहीत. ही दुर्बीण तेवढी पुढे सरकवली आणि म्हणाले, "डावा डोळा मीट आणि उजव्या भिंगाभोवतीची कडी तुझ्या नंबराला लावून घे. दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेल्यातून बघत बसू नये, चिरंजीव. डोकं दुखतं." रागात असले की मी चिरंजीव असतो.

पहिल्याच सफरीत तिची दुर्बीण एका प्रवाशाने पाण्यात पाडली. तिने माझी मागून घेतली, कडी आपल्या डोळ्याला लावली आणि व्हेल आणि तिचे पिल्लू दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. मग "बघ ना, बघ ना," म्हणत दुर्बीण माझ्या हातात दिली. मला उजवीकडे नुसता धूर दिसला. कडी फिरवायला दोन सेकंद पुरे. मी ती फिरवली नाही. उलट हलू नये म्हणून वर चिकटपट्टी गुंडाळली.

तेव्हापासून डाव्या डोळ्यावर निभावले. डोके रोज दुखले. परवा वाऱ्याने डावा डोळा सारखा गळत होता, म्हणून उजव्याने बघितले आणि वर कळवले: व्हेल, अगदी जवळ, निवांत पडलेली. कप्तानांनी जहाज वळवले. ऐंशी प्रवासी ब्लँकेटे गुंडाळून डेकवर आले. व्हेल झोपते कशी, हे ती ध्वनिक्षेपकावर समजावून सांगू लागली. जवळ गेलो तर तो खडक होता. वर दोन पक्षी बसले होते. एक आजोबा तरीही विचारत होते, "मॅडम, हिचं वय किती असेल?"

कप्तान तिला बोलले, मला नाही. ती माझ्याकडे आली. "तुला दिसत नाही का रे?" मी भडकलो. म्हणालो, "मग उभी राहा ना तू इथे." त्यानंतर आमच्यात शब्द नाही. मला आता भांडायचाही कंटाळा आला आहे.

तरी ही दुर्बीण माझ्यामागे तिला द्यावी. कडी कोणी फिरवू नये. डोळ्याला लावली की तिचे तिला कळेल. (हा परिच्छेद रद्द. कलम सहा पाहावे.)

५. साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टर. दुसरे काका येऊन बसले होते, पण डॉक्टर म्हणाले, "ज्याला यातून काही मिळणार, त्याची सही चालत नाही." काका म्हणाले, "मग दुसरा माणूस बघा. मला स्वेटर हवाय." आणि गेले. डॉक्टरांनी बाहेर बाकावर तपासणीसाठी थांबलेल्या माणसाला आत बोलावले. ती आली.

"एवढं काय लिहिलंयस, प्रबंध?" म्हणत तिने कागद ओढला. कलम चार दोनदा वाचले. माझ्या गळ्यातली दुर्बीण काढून खिडकीतून बाहेर पाहिले.

"तशीच आहे," ती म्हणाली. "दहा महिने तू असा उभा होतास? अर्धा आंधळा?"

"एक डोळा चालू होता."

"उद्या माझ्या होडीत बारा माणसं आहेत, टेहळ्या. होडी तू चालवणार आहेस." डॉक्टर उगाच कपाटातल्या बाटल्या लावत राहिले. शेवटी ती म्हणाली, "माझं नाव खोड. मग मी सही करते."

"दुर्बीण नको?"

"नको रे. सही देते."

६. दुरुस्ती. दुर्बीण बाबांना द्यावी. चिकटपट्टी मी तिच्यासमोर नखाने सोलली, डावा डोळा मिटला आणि कडी फिरवली. खिडकीबाहेर बर्फाच्या लादीवर एक सील पडला होता. मिशा मोजता येतील इतका स्वच्छ. तिने विचारले, "दिसतोय?" म्हटले, "दिसतोय." "मग वर कळव." मी कळवले.

बाबा, मोसम संपल्यावर धडधाकट असलो तर दुर्बीण मीच घेऊन येईन. डोके दुखते, हे तुम्ही सांगितले होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, खोडला आणि पुन्हा वाचला.

सही: टेहळ्या
स्थळ: डॉक्टरांची खोली, खालचा मजला
दिनांक: पाचव्या सफरीचा नववा दिवस

साक्षीदार पहिला: जहाजाचे डॉक्टर. प्रकृती ठीक. झोप कमी.

साक्षीदार दुसरी: वन्यजीव मार्गदर्शक. यातून मला काही मिळणार नाही. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. त्या वेळी त्याला नीट दिसत होते.