काडीतला कान

३ फेब्रुवारी १९६८, शनिवार

क्षमा असावी. रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडत नाही. बी.ए.ला विद्यापीठात पहिली आले, म्हणून मनातले कागदावर उतरवण्याचा अधिकार मिळतो, असेही नाही. तरी हे धारिष्ट्य करते आहे. आज जे घडले, ते सांगायला दुसरे कोणी नाही.

आज मी दुधाचा आवाज ऐकला. उतू जाण्याआधी दूध बोलते! हे मला कोणीच सांगितले नव्हते.

बाबांनी रामदासपेठेतल्या सुभद्राबाईंकडून एक चष्मा आणला. दिसायला चष्मा, प्रत्यक्षात कान. काळ्या जाड काड्या. उजव्या काडीत यंत्र, शर्टाच्या गुंडीएवढी बॅटरी आणि आवाज कमीजास्त करण्याचे नखाएवढे चाक. काडीतून एक पारदर्शक नळी निघते, ती कानात घालायची. त्यांचे यजमान भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. जर्मनीहून त्यांनी तो आणला होता. दिवाळीनंतर ते गेले. बाईंनी मोल घेतले नाही. फक्त एवढेच म्हणाल्या, की पंधरा दिवसांत उपयोग झाला नाही तर चष्मा जबलपूरच्या एका निवृत्त मास्तरांकडे परस्पर पाठवा; ते वाट पाहत आहेत.

सीताबर्डीवर बाबांनी काचा साध्या करून घेतल्या, नळीच्या टोकाला नवे रबर बसवले. डाव्या काडीच्या आतल्या बाजूला घामाने उतरलेला रंग मात्र तसाच आहे. तिथे दुसऱ्या कोणाचे तरी कानशील होते.

पाचव्या वर्षी माझे कान गेले. तेव्हापासून मी ओठ वाचते. समोरचे जग मला कळते. पाठीमागचे माझ्यापुरते नसतेच.

चाक फिरवले, आणि पाठीमागून पहिले वाक्य आले ते आत्याबाईंचे. "मेलेल्या मानसाचा चष्मा पोरीच्या नाकावर! आंधी बहिरी होती, आता चष्मेवाली झाली. कोन बायको करन इले?" मी वळले. त्या हसून मोठ्या ओठांनी म्हणाल्या, "छान दिसते वं!"

बाबांनी विचारले, "येते का काही ऐकू?"

मी म्हणाले, "नुसती खरखर."

का खोटे बोलले? लाज वाटली. आत्याबाईंची लाज मला वाटली.

सायंकाळी स्वयंपाकघरात सांडशी पडली. मी दचकून वळून पाहिले. आईने वाकून उचलली. माझ्याकडे बघितले.

५ फेब्रुवारी

माझ्या साडीलाही आवाज आहे. पान उलटले की वारा आल्यासारखे वाटते. भिंतीवरचे घड्याळ इतकी वर्षे माझ्या डोक्यावर चालत होते! घर भरलेले होते — मीच रिकामी बसले होते.

पण सुख होत नाही. कोणी तरी सतत मागे उभे आहे, असे वाटते.

६ फेब्रुवारी

अर्ज केला होता तिथल्या प्राचार्यांचे पत्र आले. अध्यापिकेच्या जागेसाठी मार्चमध्ये मुलाखत. शेवटी स्वतःच्या अक्षरात एक ओळ — "विद्यार्थिनींचे प्रश्न आपण कसे ऐकणार, याचाही विचार करून यावे."

चष्म्याकडे पाहिले. चष्म्याने माझ्याकडे पाहिले.

७ फेब्रुवारी

दिवे लागण्यापूर्वी आई माझी वेणी घालते. माझ्या या वयात! आत्याबाई रोज टोमणा मारतात — "एवढी घोडी झाली, अन् मायच्या हातची वेनी." मी खाली बसते, मांडीवर पुस्तक घेते, आई मागे पाटावर. लहानपणापासून हे असेच.

आज चष्मा न काढताच बसले. आईने तेल लावले, नळी कानातून निघणार नाही अशी बोटाने हळूच बाजूला केली, आणि मग —

"उत्तरे, पुष्पी तुह्यावानीच मान वाकडी करून बसे."

पुष्पलता माझी मोठी बहीण. तिचे नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. तिचा फोटोसुद्धा नाही.

आवाज अगदी हलका होता. स्वतःशी बोलावे तसा. माझ्या लक्षात आले — ही माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या पाठीशी बोलत होती. पंधरा वर्षे ती माझ्या बहिऱ्या पाठीपाशी मन मोकळे करत असली पाहिजे, आणि मी पुस्तके वाचत बसले होते!

मी पान उलटले. तिला वाटावे, मी वाचते आहे.

९ फेब्रुवारी

आज तिने सगळे सांगितले. जसे ऐकले तसे उतरवते.

"तुम्ही दोघीही खोकत होत्या. डॉक्टर म्हने, इंजेक्शनं एकीपुरतेच आहेत बाई, दुसरे यायले तीन हप्ते लागतीन. कोनाले देऊ? तुहे बाबा चांद्याच्या जंगलात ड्युटीवर. मी कोनाले इचारू? तुह्याकडे बोट केलं. पुष्पी मोठी, दम धरन म्हनलं." फणी केसांत तशीच. "नाई धरला तिनं. एकोनीस दिवस मले पाहून राहिली होती."

आणि मग — "त्याच सुयांनी तुहे कान नेले. तुले वाचवलं थेही मीच, अन् तुहे कान नेले थेही मीच. तुले राग येते का वं, उत्तरे?"

फणी थांबली. बराच वेळ थांबली.

मी पान उलटले.

मग वेणी पुढे सुरू झाली.

१० फेब्रुवारी

पुन्हा तेच. शेवटी पुन्हा — "राग येते का वं तुले?"

पान उलटले.

१२ फेब्रुवारी

आता चष्मा काढला तरी तिचा आवाज येतो. नळाखाली हात धुताना, सीताबर्डीच्या गर्दीत. आणि तिच्या आवाजामागे कोणी तरी एकोणीस दिवस टक लावून पाहते आहे. त्या निवडीत माझे बोटही नव्हते. तरीही माझ्याच वाट्याचे औषध, माझाच श्वास. आज जेवताना भात नुसता चिवडत बसले. आई समोर बसून नेहमीसारखी मोठे ओठ करून म्हणाली, "जेव ना. पोरगी वाळून गेली." तिच्या चेहऱ्यावर संध्याकाळचे काहीही नव्हते. एकाच बाईची दोन तोंडे — एक माझ्या समोरचे, एक माझ्या मागचे.

संध्याकाळी तिने विचारले. मी पान उलटले. पुस्तक कोणते होते, आठवत नाही.

१४ फेब्रुवारी

बाबा म्हणाले, "उत्तरा, शनिवारपर्यंत ठरव. उपयोग असेल तर ठेवू, नसेल तर त्या मास्तरांना ताटकळत ठेवणे बरे नव्हे."

उपयोग आहे म्हणावे, तर आईला त्याच क्षणी कळेल की मी ऐकत होते. ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. नाही म्हणावे, तर मुलाखतीला जाण्यात अर्थ नाही. खोटे बोलून ठेवून घ्यावा, तर माझ्या पाठीमागच्या तिच्या एकुलत्या जागेत रोज चोरून शिरायचे. हे मला जमणार नाही.

आज फणी फारच वेळ थांबली होती. चौथ्यांदा विचारले तिने.

१६ फेब्रुवारी

वेणी झाल्यावर आईने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. "काही तरी बोल वं माय," असे म्हणाली. बहुधा पुष्पलताला.

माझे डोळे भरले. पुस्तकावर थेंब पडू नये म्हणून तेही पान उलटले.

ठरले. तिची बहिरी पाठ तिला परत करायची. नोकरी काय, घरी बसून मुलींच्या वह्या तपासता येतील. तिला दुसरी पाठ कुठून मिळणार?

१७ फेब्रुवारी, दुपार

चष्मा पाठवला. कापसात गुंडाळून, वर मऊ फडके, मग लाकडी डबी. कारकुनाने शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज मला आला नाही.

जबलपूरच्या मास्तरांना चार ओळी लिहिल्या — "मला उपयोग झाला नाही. आपणांस होवो."

बाबा उदास झाले. आईला अजून सांगितलेले नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

काल सायंकाळी वेणी. आईची बोटे कानाशी आली. नळी शोधली. नव्हती. बोटे तिथेच राहिली.

आज आत्याबाई समोर बसून तूर सोलत होत्या. मी ओठ वाचले — "काहून देला वं चष्मा पाठवून? तुह्या मायले तं बोलनं सुचलं होतं! पंधरा वर्सं वेनी घालतांनी मुकी बाई ते. मी रोज इथं बसून राह्यते, कधी एक शब्द नाई. चष्मा आला, तीन-चार दिवसांनी बोलाले लागली. मले म्हने, ताई, सांडशी पडली तं वळून पाह्यलं पोरीनं, तिले येते ऐकू. तोंडावर नाई सांगनं होत, मागून सांगतो म्हने."

पाच संध्याकाळी तिने मला विचारले. पाचही वेळा थांबून उत्तराची वाट पाहिली. आणि पाचही वेळा मी पान उलटले.

आत्ता वेणी झाली. मागे ती बोलत होती की नाही, मला ठाऊक नाही.

पोस्टाची पावती समोर आहे. टपाल खिडकीवरचे घड्याळ मी पाहिले होते. शनिवार, १७ फेब्रुवारी १९६८, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.