आधीच्या जागी नंतरची चित्रं

प्रिय आईस, मिरानचा नमस्कार.

हिवाळ्यासाठी कोबीची किमची बरण्यांत घालून झाली का? कंबर शेकतेस ना? मी बरी आहे, वेळेवर जेवते.

सहा महिने रोज एकत्र गाऊन तुम्हा वीस मैत्रिणींच्या मेंदूतला आठवणींचा भाग वाढला, असं मी सांगितलं होतं. ते चूक होतं. प्रत्येकीच्या मेंदूच्या स्कॅनच्या, गाणं सुरू करण्याआधीच्या आणि नंतरच्या, दोन चित्रांची जोडी लावताना मी आधीच्या जागी नंतरचं ठेवलं. प्रयोगशाळेतला सहकारी ग्योंगसू चित्रांवरच्या तारखा बघून हसला, "बाई, तुमच्याकडे एप्रिलच्या आधी ऑक्टोबर येतो का?" तो भाग वाढला नाही, थोडा आकसलाय.

तू माझ्या भरवशावर गावभर सांगितलंस. फार लाज वाटते. फोनवर तू एकच गोष्ट दोनदा विचारलीस, तेव्हाही मी निर्धास्त हसले होते.

रविवारी येते. मैत्रिणींना मीच सांगेन. तू फक्त शेजारी बस.

तुझी,
मिरान