सपाट केलेला ठसा

१२ जुलै

ठसा घरी आला. दुपारभर टेबलावर ठेवून नुसता पाहत बसलो. शिसवी लाकूड, वीतभर लांब, चार बोटे रुंद. मधोमध वेल, दोन्ही अंगांना पाच पाकळ्यांची फुले. मागच्या मुठीला अंगठ्याच्या जागी खळगा पडला आहे. तिथे आजोबांचा, म्हणजे आप्पांचा, अंगठा टेकत असे, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा.

आमच्या घरातली कापड रंगवणारी, छापणारी माणसे आजोबांबरोबर संपली. मी पुढे कॉलेजात चौतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. थोरल्या काकांची मुलगी, सुंदराक्का, हिने मात्र एवढा एक ठसा जपला. दर नवरात्रात अष्टमीला हिंगलाज आईची ओढणी त्याने छापतात. बाकीचे ठसे बंबात गेले.

आक्का देताना म्हणाली, "अष्टमीच्या आधी आणून दे हं, वसंता."

"आक्का, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर भीती नव्हती. लहान पोरं मोडतात. तू सुधारतोस. माझी शिवणाची मशीन सुधारलीस, आठवतं? तेव्हापासून ती उलटीच चालते."

तिची सून गीता मशीनवर ब्लाउज शिवत होती. मान वर न करता हसली. मीही हसलो.

१९ जुलै

बोगादीच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, मी चालवतो तो हस्तकला वर्ग. पुस्तकबांधणी झाली, कागदी कंदील झाले, आजपासून ठसेछपाई. आठ बायका आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. 'ठसेछपाईच्या सात पायऱ्या' हे टिपण वाटले. रंग धाग्यांत का चढतो, घट्ट विणीच्या कापडावर कमी का पसरतो, हे पाण्यात खडू उभा करून दाखवले. सर्वांचे डोळे चमकले. शिकवण्याइतका आनंद मला दुसऱ्या कशात नाही.

छाप मात्र वाईट आली. डावी कड जड, मधला वेल पुसट.

पूर्णिमाबाईंनी विचारले, "सर, हे असंच असतं का? ट्रॅडिशनल?"

"हो," मी म्हणालो.

ते असत्य होते. मला कारण ठाऊक नव्हते. "ठाऊक नाही, शोधू या," हे वाक्य मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवले.

२१ जुलै

कारण सापडले. काचेवर कार्बन कागद ठेवून ठसा त्यावर हलकेच टेकवला. काळे डाग फक्त कडांना. मध्ये स्पर्शच नाही. म्हणजे पृष्ठभाग सपाट नाही, मध्यभागी खोलगट आहे. वर्षानुवर्षे झिजला असणार. किती सोपे! उपायही तितकाच सोपा.

२२ जुलै, सकाळ

कृती (पुढे टिपणात घालावी): जाड काच टेबलावर पक्की करावी. तिच्यावर बारीक पॉलिशपेपर ताणून चिकटवावा. ठसा उपडा धरून, दाब न देता, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवावा, म्हणजे झीज सर्व दिशांना सारखी होते. दर दहा फेऱ्यांनी कार्बनवर तपासावे. एकूण सत्तर फेऱ्या लागल्या. शेवटच्या तपासणीत संपूर्ण वेल कार्बनवर उमटला, कडेपासून कडेपर्यंत.

उत्तम सपाटी. स्वतःवर इतका खूश बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो. बायकोला, सु.ला, हाक मारून दाखवला.

ती म्हणाली, "आक्कांना विचारलंत?"

२२ जुलै, दुपार

छाप घेतली.

रेषा जाड झाल्या आहेत. कोरीव रेषा वर निमुळती आणि खाली रुंद असते. वरचा भाग घासला की रेषा रुंदावणारच. हे मी घासण्यापूर्वी, एका क्षणात, कागदावर आकृती काढून सिद्ध करू शकलो असतो. काढली नाही. फुलांतले परागाचे ठिपके एकमेकांना चिकटले. कडेच्या नक्षीत आता नुसता पट्टा उमटतो.

तीन छापा घेतल्या. तिन्ही तशाच.

२६ जुलै

वर्गात सांगितले की ठसा परत केला. बाजारातले दोन तयार ठसे नेले. बँकवाले म्हणाले, "अय्यो, तुमचा तो घरचा फार छान होता, सर." टिपण क्रमांक दोन वाटून विषय बदलला.

३ ऑगस्ट

आक्काचा फोन. आवाज मोठा करून बोलते. पलीकडून गीताचे मशीन ऐकू येत होते.

"चांगला उमटतो का रे? घोंगडी किती पदरी घातलीस?"

"घोंगडी?"

"अय्यो! टेबलावर छापतोस की काय? कठीण फळीवर?"

"वर नमदा घातलाय, आक्का. एक थर."

"एक थर कशाला पुरेल? घोंगडी चार पदरी घडी करायची, वर ओलं धोतर ताणायचं, मग कापड. ठशाचं पोट आत असतं, घोंगडीचं पोट वर येतं. दोघं मध्ये भेटतात. तसाच कोरतात तो. मग मनगटाच्या मुळाने एक ठोका. एकच. आप्पांनी मला परकरी वयात शिकवलं."

मी "हो हो, बरोबर" म्हणालो. जणू विसरलो होतो.

ठसा बरोबर होता. टेबल चुकीचे होते. उपकरणाला दोष देण्याआधी आपली मांडणी तपासा, हे मी प्रत्येक वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला फळ्यावर लिहीत असे. अधोरेखित करून.

७ ऑगस्ट

घोंगडी आणली, चार पदरी केली. वर ओले धोतर. छाप घेतली. सपाट ठसा आता त्यावर मधोमध डाग पाडतो.

म्हणजे कोणत्याच टेबलाच्या उपयोगाचा राहिला नाही.

१० ऑगस्ट

सु. म्हणाली, "आज जाऊन सांगून टाका."

मी म्हणालो, आधी उपाय शोधतो, मग सांगतो.

"उपाय शोधायलाच तर बसला होतात तुम्ही."

 तिने केलेले धिरडे गार झाले.

२ सप्टेंबर

रहमानसाहेब शिसवी लाकडात हस्तिदंती रंगाची नक्षी बसवणारे जुने कारागीर. ठसा डोळ्यांजवळ नेला, बाजूने पाहिला, अंगठा फिरवला.

"किसने मारा इसको?"

"मी."

त्यांनी बोटाने जाडी मोजली. मग म्हणाले की लाकूड जाड आहे. वरचा थर रंध्याने काढून टाकू, पोट पहिल्यासारखे आत घेऊ, वेल नव्याने कोरू. मूठ जुनी तशीच राहील. पण जुन्या छापेवाचून रेषा कुठून आणायची?

जुनी छाप फक्त एका घरात आहे.

५ सप्टेंबर

आक्काकडे गेलो. म्हणालो, वर्गाला दाखवायला एखादी जुनी ओढणी हवी.

तिने पेटी उघडली. दर वर्षाची ओढणी घडी करून ठेवलेली, मध्ये कडुनिंबाची वाळलेली पाने. वरच्या चार बाजूला सारून तिने तळातली काढली.

"ही आईने छापलेली. हिच्यासारखी नंतर कुणाची नाही आली. पोरींना ही दाखव."

मी साधी कुठलीही मागितली होती. तिने सर्वांत चांगली दिली. वर रिक्षापर्यंत गीताला पाठवले, ओढणी वाऱ्याने उडू नये म्हणून.

हे आणखी एक असत्य. पहिले निदान अज्ञानाचे होते.

९ सप्टेंबर

ओढणीवर पारदर्शक कागद ठेवून वेल उतरवला. दोन दिवस लागले. काम म्हणून फार सुंदर होते. मी मधूनमधून गुणगुणत होतो, आणि ते ध्यानात आले की थांबत होतो. खापरपणजोबांच्या वेळच्या कुणा कारागिराने वेलाचे वळण कोणत्या कोनात घेतले, पान कुठे मोठे केले, हे सगळे पेन्सिलीखाली कळत जाते. आक्काजवळ बसून हे बोलावेसे वाटले.

१४ सप्टेंबर

आज रहमानसाहेबांनी एक प्रश्न विचारला.

उजव्या कोपऱ्यातल्या फुलाला चारच पाकळ्या आहेत. पाचवीच्या जागी टवका उडाला आहे. आक्काच्या आईच्या ओढणीवरही तो रिकामा ठिपका स्पष्ट दिसतो. माझ्या आराखड्यात मी ती पाकळी पुरी केली होती, विचार न करता, हाताच्या सवयीने.

त्यांनी ओढणी आणि आराखडा शेजारी शेजारी ठेवले. "प्रोफेसरसाब, टूटा है वो भी बनाऊं क्या?"

पाच पाकळ्या कोरल्या तर आक्का पहिल्याच छापेला ओळखेल. चार कोरल्या तर कुणालाच कळणार नाही.

मी खोडरबर मागून घेतला. पाकळी पुसली. टवक्याची कड भिंगातून पाहून तशीच्या तशी काढली: वरची बाजू तिरपी, खाली एक बारीक दात. पुरी दहा मिनिटे लागली. रहमानसाहेब चहाचा कप हातात धरून उभे होते.

"अच्छा," म्हणाले, आणि कागद घेतला.

आतापर्यंत मी म्हणत होतो की माझ्या हातून चूक झाली. आज जे केले ते चूक नव्हे. त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो मला येथेही लिहवत नाही.

२९ सप्टेंबर

ठसा तयार. नवे तोंड तेल पाजून आणि धूर देऊन काळे केले आहे. चार पदरी घोंगडीवर एक ठोका मारला. वेल उमटला. परागाचे ठिपके सुटे सुटे. कोपऱ्यात चार पाकळ्या.

सु.ने दोन्ही छापा पाहिल्या, ओढणीवरची आणि ही. "ओळखू येत नाही," ती म्हणाली, आणि आत गेली. कौतुक नव्हते ते.

४ ऑक्टोबर

आक्काचा फोन. "आणतोस ना? मनगट धरत नाही रे यंदा. ओढणी तूच छाप. घरात परत कुणीतरी छापणारा झाला, आईला बरं वाटेल."

आईला म्हणजे देवीला की तिच्या आईला, विचारले नाही.

मी "आणतो" म्हणालो.

८ ऑक्टोबर

गावात दसऱ्याची गर्दी. चौकाचौकांत दिव्यांच्या माळा. वर्गाला सुटी. सकाळपासून मनात एक मसुदा तयार करतो आहे. प्रथम प्रयोगाची मांडणी, नंतर निरीक्षण, नंतर चुकीचे अनुमान. क्रमाने सांगितले तर तिला कळेल की हेतू वाईट नव्हता. टवक्याचा भाग कुठे घालावा ते ठरत नाही. शेवटी घालावा, की घालूच नये.

सप्तमी

गेलो. दुपारचे चार.

पुढच्या खोलीत दसऱ्याचे गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडले होते. पायऱ्यांवर चन्नपट्टणच्या बाहुल्या, तळाशी नातवाची मोटारगाडी. अंगणातल्या दोरीवर घोंगडी उन्हात टाकलेली. आक्का पाटावर. ठसा मी तिच्या हातात दिला. ओढणीची घडीही परत दिली.

तिने अंगठा खळग्यात बसवला. वाटीतल्या तेलात बोट बुडवून वेलावरून फिरवू लागली.

"छान ठेवलास की. मी उगाच घाबरत होते. गीता, बघ गं, कसा निगुतीनं ठेवला माझ्या भावानं!"

त्या क्षणी गप्प बसलो असतो तर सगळे निभावले असते.

"आक्का, एक सांगायचंय," मी सुरू केले. मसुद्याप्रमाणे. टेबल कठीण असल्यामुळे दाब सर्वत्र सारखा पडत नव्हता. त्यावरून मी असे अनुमान काढले की पृष्ठभाग झिजला आहे. आता पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे तपासण्याची पद्धत अशी, की काचेवर कार्बन कागद ठेवून...

गीताचे मशीन थांबले.

"साकु, पुरे, वसंता," आक्का म्हणाली. "शाळा नको. मोडलास की नाही, तेवढं सांग."

"मोडला."

"मग हे तोंड?"

"नवं. रहमानसाहेबांनी कोरलं. ओढणीवरून."

तिचे बोट अजून वेलावर होते. ते सरकत सरकत उजव्या कोपऱ्यात गेले आणि थांबले.

"हा टवका?"

"तो मी काढून दिला."

"कशाला?"

सांगण्यासारखे पुष्कळ होते. नक्षीची प्रत जशीच्या तशी असावी, परंपरेत खोडही जपतात, वगैरे. वाक्ये तयारच असतात माझ्याकडे.

"तुला कळू नये म्हणून," मी म्हणालो.

तिने ठशाकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. साठ वर्षांत तिने माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते. परीक्षेत पहिला आलो तेव्हाही नाही, आप्पांच्या अंत्यविधीला उशिरा पोचलो तेव्हाही नाही.

गीता हळूच सासूला म्हणाली, "अत्ते, उद्याचं काय मग? कोरीच ओढणी घालायची आईला?"

 आक्काने बोटावरचे तेल पदराला पुसले. बराच वेळ पुसत होती.

"घोंगडी आत घे," मग म्हणाली. "ऊन गेलं."

मी उठलो. चपला घालताना मागून आवाज आला.

"सकाळी सहाला ये. आंघोळ करून."

"बरं."

ठसा तिच्या मांडीवर होता. सहाला छापायला बोलावले आहे, की मी छापल्यावाचून ओढणी कशी चढते ते पाहायला, हे कळले नाही. विचारले नाही. सु.ने घड्याळात पाचचा गजर लावला आहे.