तलावाच्या पाळीवरचं हसू

९ जाने., शुक्रवार
नितीन दुकानात आला. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. म्हणतो, रविवारी तलावाच्या पाळीवर प्रणालीला अंगठी देऊन मागणी घालायची, मी लपून फोटो काढायचे. "काका, तिले काहीच मालूम नाही पाहिजे."
"अन् ते नाही म्हनली तं?"
"नाही कायले म्हनन?"
बावीस वर्षं लोकांची लग्नं टिपतोय, झुडपात बसायची वेळ आली नव्हती. कबूल करून बसलो.

११ जाने., रविवार
चार वाजल्यापासून बेशरमाच्या झाडोऱ्यात. नेरसारख्या लहान गावात लपणं अशक्य. तिघांनी थांबून विचारलं, "काका, अठी काय करून राह्यले?" एका बकरीने बॅगेचा पट्टा चावला. वैताग नुसता.
शेवटी दोघं आली. प्रणाली यवतमाळला नर्स आहे, सुटीत घरी आलेली. नितीन गुडघ्यावर बसला, डबी उघडली. पोरगी डबीकडे पाहत राहिली. सहा फोटो झाले, एकातही तिचा चेहरा लग्नाचा वाटेना. आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "नवरीबाई, इकडं पाहा! हसा थोडं!"
तिने पाहिलं. हसली. सातवा फोटो.
नितीन उड्या मारायला लागला. ती काहीतरी सांगत होती, ते त्याने ऐकलं नाही. मग स्कूटी घेऊन निघून गेली.
जित्याची खोड. दुसरं काय.

१२ जाने.
रात्री पाठवलेला सातवा फोटो नितीनच्या स्टेटसवर. अर्ध्या गावाने पाहिला. त्याची आई पेढे घेऊन आली, साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी दारात लावायला मोठा करून हवाय. फोटो आलाय मात्र सुरेख, हाच तर त्रास.
सौ. म्हणाली, "पोरगी किती खुश हाय पाहा." मी पेढा खाल्ला.

१४ जाने., संक्रांत
दुकान उघडतोय तोच प्रणाली समोर.
"काका, तुमी हसा म्हनलं म्हून मी हसली. क्यामेरा दिसला का हसतेच ना मानूस."
ती 'हो' म्हणालीच नव्हती. विचार करायला वेळ मागत होती. पुढचं शिकायचंय तिला. नितीनला फोनवर पुन्हा सांगितलं, तर म्हणे, मग फोटोत हसून कायले राह्यली? घरी बापाचंही तेच. पोरीचं कोणी ऐकत नाही, सगळे फोटोचं ऐकतात.
आधीचे सहा दाखवले. चौथ्यावर बराच वेळ थांबली. चेहऱ्यावर होकार नाही, नकारही नाही. घाबरलेली दिसते.
"हा त्याले दाखवा."
"मी फोटोवाला आहो पोरी. मी काहून मधात पडू?"
"मधात तं तुमी पडलेच ना, काका."
तिळगूळ द्यायचं राहून गेलं. दिवसभर स्वतःवरच चिडचिड.

१५ जाने.
नितीनचे चार फोन. थाप मारली, प्रिंटर बिघडलाय. सौ.ला खरं सांगितलं तर उसळली, "तुमाले गप राहाले काय होते? लग्न झालं का होते सारं बरोबर!" जेवण गेलं नाही.

१७ जाने., शनिवार
नितीन फोटो न्यायला आला. मोठा केलाच नव्हता. स्क्रीनवर चौथा फोटो लावून ठेवला होता.
"हा खराब आला काका, डिलिट करा."
"हाच बरोबर आला." मग सगळं सांगून टाकलं. नवरीबाई, हसा, सगळं.
"म्हंजे ते हो नाही म्हनली?"
"मले नाही आयकू आलं. तुले आलं?"
पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसला. रागावेल, आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. त्याने फोन काढला. "प्रणाली," म्हणाला, "रविवारी तू काय सांगून राह्यली होती?"
मी बाहेर जाऊन उभा राहिलो. काचेतून दिसत होता. फोन कानाला, मान खाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदाही तोंड उघडलं नाही त्याने, नुसता ऐकत होता.