आवाजाचं कपाट

३ फेब्रुवारी
नवे मॅनेजर आमच्या रेडिओ स्टेशनवर अवतरले! कॉलिन. वाळवंटात येताना बूट चमकवून आलेत. म्हणाले, “वॅल्मे, तुमच्या भाषेच्या तासाच्या तुमच्या आवाजात चारशे टेपा आहेत. रोज कशाला दमता? त्याच फिरवू, वर्षानुवर्षं पुरतील!”

काय ती अक्कल! आम्हा इथल्या मूळ लोकांत माणूस गेलं की त्याचा आवाज कपाटात जातो. घरचे हो म्हणेपर्यंत बाहेर नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा तीन वर्षं आतच आहे — नाव लिहीत नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. साहेबांना मी सांगितलं नाही. आपटू दे.

५ फेब्रुवारी
लोरेलने बातम्या वाचल्या. थोरलीची मुलगी, म्हणजे आमच्यात माझीच. भाषा अर्धी आमची, अर्धी इंग्रजी, मध्ये नुसतं “अं... अं...” त्यात फुटबॉलच्या बातमीत गोल करणाऱ्याचं नाव घेतलं. त्याच नावाचे म्हातारबुवा गेल्या महिन्यात गेले! ते नाव सध्या कोणी उच्चारत नाही, त्या खेळणाऱ्या पोरालाही दुसऱ्याच नावाने हाक मारतात. फोनवर फोन. घरोघर रेडिओ बंद.

“आई, मुद्दाम नाही गं केलं!”

“मुद्दाम केलं असतंस तर डोकं आहे एवढं तरी कळलं असतं.”

९ फेब्रुवारी
म्हातारबुवांच्या घरी लोरेल भाजायला कांगारूचं शेपूट घेऊन गेली म्हणे, माफी मागायला. चिवट आहे.

११ फेब्रुवारी
अॅलिस शहरातल्या दवाखान्यातून परत. डॉक्टर माझ्याशी हळूहळू बोलत होता, मी बहिरी असल्यासारखं. मूर्ख!

१६ फेब्रुवारी
साहेबांनी आज थोरलीची टेप लावायला काढली! मी उठायच्या आत लोरेल मशीनपुढे उभी. “माझ्या आईचा आवाज आहे. मी हो म्हटलेलं नाही. ठेवा परत.” इंग्रजीतच झापलं, पण काय झापलं! साहेबांचं तोंड एवढंसं. मग बाहेर पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडली. मी चहा नेऊन दिला.

२० फेब्रुवारी
आज सही केली. माझा आवाज कपाटातून कधी काढायचा ते लोरेल ठरवेल. डॉक्टर म्हणतो, पुढचा हिवाळा बघणं कठीण. म्हणजे मी गेले की चारशेच्या चारशे टेपा आत, आणि आमच्या भाषेचा तास तिच्या एकटीच्या तोंडी. उद्यापासून समोर बसवून शिकवते. आज बातम्यांत अकरा चुका केल्या गाढवीने.

माझंही नाव मग कोणी घेणार नाही. ही घेईल, चुकून, भर रेडिओवर! घे गं बाई.