नळाला जोडलेली तार

ती. दादा,

तुम्हाला आणि वहिनींना वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? वहिनींचा खोकला थांबला असेलच. माझी प्रकृती ठीक आहे (ठीक नसती तरी विचारायला घरात कुणी नाही, म्हणून ठीकच म्हणायची).

गेल्या रविवारी सकाळी मी काय केलं, ते हिनं, म्हणजे तुमच्या बहिणीनं, तुम्हाला सांगितलं असेल. माझ्याकडूनही ऐका. फोनच केला असता, पण ही तो घेत नाही आणि तुमच्यासमोर माझी वाचा बसते. तर त्या सकाळी मी अंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, आणि मागच्या खोलीत जाऊन नळाच्या पाइपाला तांब्याची तार बांधली.

दिवसभर लोकांची शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसानं घरी निवांत बसावं. मी वायरीशिवाय दिवा लावायच्या नादात कॉइली, म्हणजे तारेची वेटोळी, गुंडाळत बसलो. एक बुटकी, जाड तारेची. दुसरी उंच, केसाएवढ्या तारेची. दोघी एकमेकींना शिवत नाहीत, पण पहिलीचा ताल दुसरीशी जुळला की दुसरीत वीज चढतच जाते. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, झोका नेमक्या वेळी ढकलला तर लहान पोरगीसुद्धा पहिलवानाला आभाळ दाखवते. माझा झोका वर्षभर जागचा हलत नव्हता. एका जाणकारानं सांगितलं, उंच कॉइलचं खालचं टोक जमिनीला जोड. मी म्हटलं, नळाचा पाइप जमिनीतच तर जातो. (जात होता. गेल्या वर्षी इमारतीचा चिटणीस म्हणून त्याचा खालचा गंजलेला भाग मीच काढून प्लास्टिकचा बसवून घेतला होता आणि सभेत टाळ्याही घेतल्या होत्या. ते रविवारी सकाळी आठवलं नाही.) म्हणजे विजेला खाली वाटच नव्हती. उरला वरचा लोखंडी पाइप. तो आमच्या स्वयंपाकघरातून वरच्या मजल्यावर, निवृत्त मुख्याध्यापकांच्या न्हाणीघरात जातो.

मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि खटका दाबला. डोळे उघडतो तर कोपऱ्यात टेकवून ठेवलेली जुनी ट्यूबलाइट, जिला ना वायर ना बटण, आपली आपण उजळलेली. दादा, मला भरून आलं. हात जोडले गेले. तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेलं पडलं.

ही दारात आली. म्हणाली, "नळाला हात लावला तर झटका बसला मला."

मी विचारलं, "मोठा की बारीक?"

हिनं आपल्या तळहाताकडे बघितलं. मला वाटलं, आठवतेय. म्हणून म्हटलं, "पुन्हा एकदा हात लावून बघतेस का? मी इथे ताल जरा बदलून बघतो."

खरं सांगतो, बोलताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. इतक्यात मुख्याध्यापक खाली आले. अर्ध्या गालाला फेस, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, "चिटणीस, मी पाणीपट्टी वेगळी भरतो आणि विजेचं बिल वेगळं भरतो. दोन्ही एकाच नळातून नकोत." हिनं त्यांना खुर्ची दिली, घागरीतलं पाणी दिलं, आणि मला म्हणाली, "यांनाही विचारा ना, मोठा की बारीक." मग आत जाऊन बॅग भरली आणि तुमच्याकडे निघाली. नळानं त्या दोघांना हादरवलं. मला त्या बॅगेनं. मुख्याध्यापक आता नळ लाकडी पळीनं उघडतात.

मी ते यंत्र मोडायचं ठरवलं आहे. रोज ठरवतो. पक्कड घेऊन समोर बसतो, आणि ती बारीक तार इतकी सरळ बसली आहे की पुन्हा उठतो.

आपला,
उशिरा कळणारा मेहुणा

ता. क. : हिला पाठवून द्याल का? पत्र त्याचसाठी लिहिलं. वरचं सगळं धीर गोळा करायला होतं.

ता. क. : हिचे हात त्या वेळी ओले होते की कोरडे, तेवढं सहज बोलता बोलता विचारून ठेवा.

ता. क. (पेन्सिलीनं लिहितो आहे, माफ करा) : पाकीट चिकटवण्याआधी दुसरा ता. क. पुन्हा वाचला आणि स्वतःचाच धसका घेतला. हा माणूस बायकोला परत बोलावतोय की प्रयोगाला, तेच कळेना. खोडला असता, पण मग तुम्हाला निम्माच मेहुणा कळला असता. तेव्हा कॉइल तोडली, तार पंप-पंख्यांच्या मोटारी गुंडाळणाऱ्या कारागिराकडे देऊन टाकली, नळाची गाठ सोडली आणि गाडी पकडली. 'पाठवून द्या' म्हणायला ती काही दुरुस्तीला टाकलेलं यंत्र नव्हे. हे पत्र तुमच्या दाराखालून आत सरकवतो आहे. मी बाहेर पायरीवर बसलो आहे. तुमची बेल विजेची आहे, म्हणून वाजवली नाही.